उत्तर नाही, धीर दिला

बंडोपंतांनी चहापत्तीचा पत्र्याचा डबा कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि पडद्याकडे असं पाहिलं, जसं बैलबाजारात माणूस आधी दात बघतो आणि मग बैल.

“हे काय आणलंत, काका?” कल्पनानं विचारलं.

“प्रश्न.”

“कसले?”

“राहिलेले.”

कल्पना परभणीकडची. नवरा पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि हिनं बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानामागे तीन कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान थाटलं होतं. साल दोन हजार एक, माघाचे दिवस. तिचं गिऱ्हाईक म्हणजे नोकरीचे अर्ज पाठवणारी पोरं, आणि पडदा ओढून घेऊन भलतंच काही बघणारी पोरं. लेंगा-सदऱ्यातला त्रेसष्ट वर्षांचा माणूस काखेत डबा मारून येतो आणि तासाचे पैसे आधीच हातावर ठेवतो, असं गिऱ्हाईक तिला हे पहिलंच.

“मागच्या गुरुवारी दाखवलंस ते पान नको,” बंडोपंत म्हणाले. “तिथं जत्रा भरलेली असते. पाळणे काय, पिपाण्या काय. देव कुठं बसवलाय तेवढं दिसत नाही.”

“ते सोडा आता. नवीन आलंय. आमच्या दिरानं सांगितलं हैदराबादहून. हे बघा.”

पान उघडलं. सगळं पांढरं. मधोमध रंगीत अक्षरांत नाव आणि त्याखाली एक रिकामी चौकट. बंडोपंत खुर्चीत पुढे सरकले. लुकलुक नाही, कुणाची लग्नं नाहीत, कुणाचं राशिभविष्य नाही. ज्याला खरोखर काही ठाऊक असतं तो उगाच बडबडत नाही, हे माणसांच्या बाबतीत त्यांना फार पूर्वी कळलं होतं.

“आधी याला असं काहीतरी विचारू, जे मला येतं,” ते म्हणाले. “थापा मारतंय का बघू.”

“त्याला थापा मारून काय मिळायलंय?”

“निम्मा तालुका काही मिळत नसताना मारतो. लिही. हॅलीचा धूमकेतू सूर्याजवळ कधी आला होता.”

कल्पनानं इंग्रजीत लिहिलं. मोडेमचा हिरवा दिवा फडफडला आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरल्या. तिनं पहिलीवर बोट ठेवलं. “नऊ फेब्रुवारी, एकोणीसशे शहाऐंशी.”

तारीख बरोबर होती.

“आणि हे वर काय? शून्य पूर्णांक सतरा?”

“सेकंद. एवढ्या वेळात शोधलं म्हणायलंय.”

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. हीच तारीख शोधायला त्यांना अकरा दिवस लागले होते. दोनदा पुण्याला जावं लागलं, तिथल्या ग्रंथालयातल्या शिपायाची बोलणी खावी लागली आणि येताना भूगावच्या उतारावर सायकल घसरून कोपर फुटलं. उजवा हात आपसूक त्या कोपरावर गेला.

“आणि हे दुसरं बटण कसलं?”

“ते दाबलं की नशिबात असेल त्या एकाच पानावर नेतंय.”

“ते दाबू नकोस. नशिबावर उत्तरं द्यायला आपण काही पोपटवाले नाही.” त्यांनी डब्यात हात घातला आणि वरची चिठ्ठी काढली. “चल. उंटाच्या मदारीत पाणी असतं का. विचारणारा निवृत्त झाला, पण चिठ्ठी आहे.”

पौडच्या वाचनालयात बंडोपंतांनी एकतीस वर्षं काढली होती. पुस्तकं जेमतेम दोन हजार, त्यातली निम्मी वाळवीच्या नावावर. लोक तिथं पुस्तक न्यायला कमी आणि विचारायला जास्त यायचे. फवारणीच्या बाटलीवर काय लिहिलंय, पलटणीतल्या पोरानं पत्रात लिहिलेलं गाव नकाशात कुठं, पेपरात आलेल्या अमुक शब्दाचा अर्थ काय. बंडोपंत जुने अंक उलथेपालथे करत, स्वतः कापून ठेवलेली कात्रणं धुंडाळत. त्या कात्रणांचे गठ्ठे शर्टांच्या खोक्यांत ठेवलेले, खोक्यांवर निळ्या शाईनं विषय लिहिलेले, आणि वाचनालयात शिरलं की खळीचा आणि जुन्या कागदाचा जो वास यायचा तो खरं तर या खोक्यांचा. कुणाला तो कुबट वाटायचा. बंडोपंतांना अजून झोपेत यायचा.

त्यांची एक पद्धत होती. प्रश्न आला की चिठ्ठी करायची. तारीख, नाव, गाव, प्रश्न. उत्तर मिळालं की विचारणाऱ्याच्या समोर ती फाडायची. नाही मिळालं तर चिठ्ठी डब्यात आणि माणसाला तोंडावर सांगायचं, मला माहीत नाही. अंदाज सांगायचा नाही. अंदाज सांगणारे भटजी, पुढारी आणि वैदू गावात आधीच बक्कळ होते, त्यात आणखी एकाची भर कशाला?

निवृत्तीच्या दिवशी समितीनं शाल दिली, नारळ दिला, आणि त्याच दुपारी खोकी रिकामी करून कात्रणं रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवली. त्यांच्यासमोर. एकतीस वर्षांची विद्या किलोवर गेली आणि समितीतल्या एकाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नाही. बंडोपंतांनी तेवढा डबा उचलला. अध्यक्ष हैबतराव मोठ्या मनानं म्हणाले, “न्या पंत, न्या. रिकामाच हाय त्यो.”

रिकाम्या डब्यात एकशे बारा चिठ्ठ्या होत्या.

आता दर गुरुवारी ते पौडहून सहा आसनी रिक्षानं पिरंगुटला येऊ लागले. एका रिक्षात अकरा माणसं, आणि बारावे बंडोपंत, मांडीवर डबा. कल्पना टंकायची, वाचायची, अडेल तिथं दोघं मिळून अर्थ लावायचे. घरी जाऊन ते पोस्टकार्डं लिहीत. ‘आपण अमुक साली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुढीलप्रमाणे.’ होळीपर्यंत चाळीसच्या वर चिठ्ठ्या निकालात निघाल्या. माणूस समोर नसायचा, म्हणून कार्ड पेटीत टाकलं की पेटीसमोर उभं राहून ते चिठ्ठी फाडत.

एकदा पौडच्या एसटी थांब्यावर हैबतरावांची गाडी कचकन थांबली. जमिनी विकल्यापासून ते खाली उतरून बोलत नसत, काच खाली करून बोलत. आज उतरले. हातात पोस्टकार्ड.

“पंत, ह्ये काय? ‘डर्सली हे इंग्लंडातील लहान गाव असून तेथे इंजिनांचा मोठा कारखाना होता.’ मला कशापायी धाडलं?”

“तुम्हीच विचारलं होतं. एकाहत्तर साली. तुमच्या वडिलांच्या ऑइल इंजिनावर पितळी पट्टी होती, तिच्यावर ते नाव होतं.”

“एकाहत्तर!” हैबतराव थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले. “आवं, इंजिन भंगारात गेलं. हीर बुजवली. ज्या रानात हीर व्हती तितं मुंबईवाल्याचा बंगला हाय, आन् त्याचं कुत्रं मला फाटकातनं आत घेत न्हाई. आन् तुमी मला आत्ता सांगताय डर्सली कुटं हाय!”

“प्रश्न तुमचा होता. माझ्याकडं राहिला होता.”

“लई भारी मानूस तुमी.” हैबतरावांनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. हसू हळूहळू उतरलं. “आबा दर दसऱ्याला त्या पट्टीला हळदकुंकू लावायचं. म्हनायचं, ह्याचं गाव कुटं असंल रं? कुन्या मुलखातनं आलं आन् आपल्या रानाला पानी पाजतंय.” त्यांनी कार्ड खिशात घातलं, गाडीत बसले, काच वर केली आणि पुन्हा खाली घेतली. “पुन्ना काय घावलं तर धाडा.”

अनसूयाबाई शाळेत शिकवायच्या. झेब्र्याचे पट्टे काळ्यावर पांढरे की पांढऱ्यावर काळे, हा त्यांच्या वर्गातल्या पोरांचा प्रश्न होता. काळ्यावर पांढरे, हे उत्तर मिळाल्यावर त्यांनी उलट टपाली चार ओळी पाठवल्या. ‘तेव्हा वर्गात पैज हरले ते पोर आता दोन पोरांचा बाप आहे. त्याला निरोप धाडला.’

अशी बातमी फिरली. पंत जुनी उत्तरं वाटत फिरतायत. काहींनी टिंगल केली, डोक्यावर परिणाम झाला म्हणाले. आणि एका गुरुवारी रिक्षावाल्यानं वळून सांगितलं, “पंत, ताम्हिनीच्या वाटंवरल्या गोजराबाईनं निरोप दिलाय. म्हनली, माझ्या चिठ्ठीचं काय झालं त्ये इचार.”

बंडोपंतांनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. ती चिठ्ठी कुठली हे त्यांना आठवावं लागलं नाही. डबा उघडला की दर वेळी तीच हाताला लागायची, आणि दर वेळी ते ती सगळ्यात खाली सारत.

“द्या इकडं,” दुकानात पोचल्यावर कल्पना म्हणाली. चिठ्ठी पिवळी पडली होती, घडीवर विरली होती. तिनं मोठ्यानं वाचलं. “आठ ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गोजरा, ताम्हिणी रस्ता. मुलगा दयानंद, वय चार. डॉक्टरांच्या कागदावरील शब्द…” पुढे सात इंग्रजी अक्षरं होती, एकेक सुटी काढलेली, रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी. शेवटी प्रश्नचिन्ह. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘उत्तर नाही. धीर दिला.’

“धीर दिला म्हणजे?”

“आठवत नाही. दिला असेल काहीतरी. रडत होती.” बंडोपंत पडद्याकडे बघत बोलले. “पुण्याच्या डॉक्टरनं पोराला तपासलं, कागदावर हा शब्द लिहिला आणि आठ दिवसांनी परत आणा, आणखी तपासण्या करू, म्हणाला. ती तो कागद घेऊन माझ्याकडं आली. आपल्या पोराला झालंय तरी काय, एवढंच तिला हवं होतं. वाचनालयात इंग्रजीच्या दोन डिक्शनऱ्या. एकीत हा शब्द नाही. दुसरीत ‘सी’ची सोळा पानं वाळवीनं खाल्लेली. मग पाऊस लागला, रस्ता वाहून गेला, एसटी बंद. दहाव्या दिवशी पोर गेलं.”

कल्पनानं अक्षरं बघून बघून सात कळा दाबल्या.

हजारो पानं आली. त्या सात अक्षरांना. बंडोपंतांनी डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिले. ती ओठातल्या ओठात वाचत होती, मधेच थांबत होती.

“पोटाचा आजार आहे, काका. ग्लूटेन म्हणून काहीतरी असतंय, ते असल्या लेकरांच्या आतड्याला सोसत नाही. पोट फुगतंय, हातापायाच्या काड्या होतात, जुलाब…”

“तसंच होतं. औषध?”

“औषध नाही म्हणायलेत.”

बंडोपंतांनी सत्तावीस वर्षांचा श्वास सोडला. “नाही ना? मग झालं. लिहून घे.”

“थांबा हो.” तिचं बोट पडद्यावर अडलं. “औषध लागतच नाही म्हणायलेत. ते ग्लूटेन खाण्यातून बंद केलं की झालं. महिन्या-दोन महिन्यांत लेकरू खेळायला लागतंय.”

“ते असतं कशात?”

तिनं पुन्हा चौकटीत लिहिलं. शून्य पूर्णांक बारा सेकंद.

“गव्हात,” कल्पना म्हणाली. आणि मग, वाचावं की नाही अशा आवाजात, “भात चालतो. तांदूळ पाहिजे तेवढा द्या म्हणायलेत.”

झेरॉक्सचं यंत्र पुढच्या खोलीत खडखडत होतं. मुळशीत, बंडोपंतांच्या मनात आलं. जिथं भाताशिवाय दुसरं पीक नाही, जिथं फाटक्यातल्या फाटक्या घरातही कणगीत भात सापडतो, तिथं.

“हे आत्ता आत्ता कळलं असेल,” ते म्हणाले. “अलीकडं. परदेशात.”

कल्पनानं पान खाली सरकवलं, वर सरकवलं. “एकोणीसशे पन्नासच्या आसपास. हॉलंडमधल्या एका डॉक्टरनं.”

“छापून दे.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? तिचा प्रश्न आहे. उत्तर मिळालंय.”

“काका, त्या बाईला आता हे सांगून काय करायचंय? चार वर्षांचं लेकरू होतं. ती मेल्यागत होईल.”

“मग काय करू? खोटं सांगू?” बंडोपंतांचा आवाज चढला, पलीकडच्या पोरानं पडद्याआडून डोकं काढलं आणि पुन्हा आत घेतलं. “एकतीस वर्षांत एका माणसाला खोटं सांगितलं नाही. एकाला अंदाज सांगितला नाही. माझ्याकडं स्वतःचं घर नाही, जमीन नाही, तेवढंच आहे. डॉक्टर बोलत नाहीत, साहेब बोलत नाहीत, आणि बाईमाणसाला तर जन्मात कुणी काही सांगत नाही. म्हणे सोसवणार नाही! सोसायचं ते तिनं कधीच सोसलं. आता तिला नुसतं कळायचं राहिलंय.”

कल्पनानं पान छापलं, चार घड्या करून दिलं आणि छपाईचे पैसे घेतले नाहीत. चिठ्ठीवर बंडोपंतांनी पेन्सिलीनं लिहिलं, ‘उत्तर मिळाले.’ खाली तारीख घातली.

रविवारी ते डबा घेऊन ताम्हिणीच्या एसटीत बसले. हे उत्तर पोस्टकार्डावर मावणारं नव्हतं, आणि पोस्टमननं वाचून दाखवण्यासारखंही नव्हतं. घाटाच्या अलीकडे उतरून ते पायवाटेनं वाडीवर गेले. गोजराबाई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. पन्नाशी नुकती उलटलेली, हात मात्र सत्तरीचे.

“आगं बया, पंत! तुमी सोता आला?” तिनं सूप खाली ठेवलं, घोंगडी झटकून टाकली. “बसा, बसा. सूनबाई, पानी आन गं. च्या टाक. ह्येच ते, बुकाचं पंत.”

पाणी झालं, चहा झाला. धाकटा मुलगा पिरंगुटच्या कारखान्यात लागला होता, सून ओव्हाळ गावाकडची होती, खालची खाचरं कुणीतरी पुण्यावाला मागत होता पण द्यायची नव्हती. बंडोपंत हो हो म्हणत होते. सदऱ्याच्या खिशातला कागद छातीला टोचत होता.

“आन् निरोप घावला का माझा?”

“म्हणून तर आलो.”

गोजराबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तांदळात बोटं फिरवत म्हणाली, “तुमाला सांगते पंत, तवा समद्यांनी समदं सांगितलं. कुनी म्हनलं बकरं कापा, कुनी म्हनलं भाईरचं हाय. सासू म्हनली भातानंच प्वाट फुगतंय, त्याचा भात तोडा. तुमी येकलं निघाला, बुकं काढली, माझ्याम्होरं पानं उलटली, आन् म्हनला, बाई, मला ठावं न्हाई. येवढा शिकल्याला मानूस म्हनतो ठावं न्हाई! मला बरं वाटलं बगा. म्हनलं, ह्यो खोटं सांगनार न्हाई.”

बंडोपंतांनी खिशाकडे हात नेला.

“आन् मंग मी रडाय लागले, तवा तुमी त्ये म्हनला.”

“काय म्हणालो?”

“इसरला व्हय? आवं, म्हनला, बाई, रडू नको. गव्हाची पोळी दुधात कुस्करून घाल पोराला. गव्हात ताकद असती. आमच्यात पोरं त्याच्यावरच वाढत्यात.”

सून आतून बशा उचलायला आली आणि गेली. बंडोपंतांचा हात खिशावरच राहिला होता.

“रेशनचा गहू संपल्याला. तशीच पौडच्या बाजारात गेले, घरचा आंबेमोहोर दिऊन गहू घेतला. सासू लई बोलली, पर म्या आयकलं न्हाई. माझा नंदू तोंड फिरवायचा. आये, भात दे म्हनायचा. म्या म्हनायची, न्हाई, पंतांनी सांगितलंय. बोटानं घास सारायची तोंडात. धा दिस, पंत. शेवटच्या दिसापातुर.” तिनं सुपातला एक खडा वेचून लांब टाकला. “मानसाच्या हातात काय असतंय? पर तेवढं म्या केलं. अजून मदीच याद येती, जीव तळमळाय लागतो, तवा मी मलाच सांगते, गोजरे, तू कुटं कमी न्हाई पडलीस. येवढ्या एका गोष्टीनं मी जगले बगा.”

अंगणाच्या कडेला कोंबडी उकरत होती. बंडोपंत तिच्याकडं बघत बसले. ‘धीर दिला.’ अक्षर त्यांचंच होतं.

“मंग?” गोजराबाईनं विचारलं. तिचे हात थांबले होते. “काय म्हनलं त्ये यंत्र?”

बंडोपंतांनी खिशावरचा हात खाली घेतला.

“नाही सापडलं, गोजराबाई.”

“येवढ्या मोठ्या यंत्रालाबी न्हाई?”

“नाही.”

तिनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग मान हलवली आणि सूप पुन्हा हलू लागलं. “मंग त्या डाक्टरलाबी ठावं नसंल.”

“नसेल.”

“व्हय. मंग आपुन तरी काय करनार व्हतो.”

त्यांनी डबा उघडून चिठ्ठी काढली, डब्याच्या झाकणावर ठेवली आणि खोडरबर नव्हतं म्हणून थुंकी लावून बोटानं पेन्सिलीची ओळ घासायला लागले. ओळ गेली, कागदावर काळा डाग राहिला.

“फाडताय व्हय?” गोजराबाई घाईनं म्हणाली.

“नाही. उत्तर मिळालं तरच फाडायची.”

“द्या हिकडं जरा.” तिनं चिठ्ठी उलटी धरली. “ह्याच्यात नाव हाय त्याचं?”

बंडोपंतांनी कागद सरळ करून तिच्या हातात दिला आणि अक्षरांखाली बोट फिरवलं. “हे. दयानंद.”

तिनं तिथं अंगठा टेकवला. बराच वेळ. “साळंत घातला न्हवता आजून,” ती म्हणाली. “त्याचं नाव दुसरं कुटं लिवल्यालं न्हाई. ऱ्हाऊ द्या डब्यात. काळजी घ्या तेवढी.”

जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाही. भात, वरून कुळथाचं पिठलं. बंडोपंत पानात वाढलेलं शितही न टाकता जेवले. निघताना तिनं दोन शेर तांदूळ फडक्यात बांधून दिले. इतक्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं कसं धाडायचं?

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. मांडीवर डबा, डब्यावर तांदळाचं गाठोडं, उन्हात ठेवलेल्या तांदळाची ऊब अजून त्यात होती. पैसे काढायला खिशात हात घातला तर आधी तो चार घड्यांचा कागद हाताला आला. खिडकी उघडी होती. बंडोपंतांनी कागद बाहेर टाकला नाही आणि उलगडलाही नाही, नुसता चिमटीत धरून ठेवला. उत्तर मिळालं की चिठ्ठी फाडायची, असा त्यांचा नियम होता. उत्तराचं काय करायचं, याचा नियम एकतीस वर्षांत त्यांनी कधी केला नव्हता.

“आजोबा, कुठं?” कंडक्टरनं विचारलं.

“माहीत नाही,” बंडोपंत म्हणाले.

कंडक्टर तिकिटाच्या पेटीवर हात ठेवून बघत राहिला. बंडोपंतांनी गाठोडं सावरलं.

“पौड,” ते म्हणाले. “एक पौड द्या.”